जाम झालेली जुनी शिलाई मशीन: जोर लावायचा की वाट पाहायची?

आडवा_टाका

माळा आवरताना आजीची शिलाई मशीन खाली उतरवली. काळं लोखंडी हेड, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, उजवीकडे आऱ्यांचं चाक, खाली लोखंडी पायडल. नाव सिंगर. आजी गेल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, ती चादरीखालीच होती. चाक फिरवून पाहिलं तर जागचं हलेना.

गंज सोडवणारा डबीतला स्प्रे घरात होता, तो दिसेल त्या भोकात मारला आणि एक दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी चाक बोटभर हललं. वाटलं, सुटली! तिसऱ्या दिवशी पाहते तर तेवढंही हलेना, उलट जास्तच घट्ट बसलेलं. धाकटा भाऊ म्हणतो की आऱ्यांमध्ये सळई घालू, दोघांनी मिळून जोर लावू, की सुटलीच म्हणून समज. माझा हात धजत नाही.

मला ही मशीन शोभेला ठेवायची नाही, तिच्यावर शिवायचं आहे. लहानपणी तिच्या पायडलवर बसून मी आजीचं काम बघत असे, त्यामुळे तिचा आवाज अजून कानात आहे. ती पुन्हा चालेल का? सुरुवात कुठून करू?

उसवण

सळई नको, आधी एवढंच सांगते. बाकीचं सांगायला जाणकार येतीलच.

तेलाची_बुधली

उसवण यांना पूर्ण अनुमोदन. ओतीव लोखंड भार सोसतं, पण वाकत नाही, तडकतं. चाकाचा आरा तुटला तर एक वेळ दुसरं चाक मिळेल. आत एखादा जोडदांडा पिळवटला, तर सुई आणि शटल (खालचा दोरा वरच्या दोऱ्यात गुंफणारा भाग) यांचा मेळ बिघडेल. म्हणजे मशीन फिरेल, पण टाका पडणार नाही.

ताई, मशीन गंजून जाम झाली असं आपण सहज म्हणतो. माझ्या हाताखालून गेलेल्या जाम मशिनींपैकी बहुतेक गंजाने अडलेल्या नव्हत्या, त्या जुन्या तेलाने अडलेल्या होत्या. तेल हवेत राहिलं की हळूहळू घट्ट होतं, आधी मधासारखं आणि मग लाखेसारखं. मशीनचं तेल म्हणजे हलकं खनिज तेल, त्याला असं व्हायला वर्षं लागतात. कुणी कधी हाताशी आहे म्हणून वनस्पती तेल घातलं असेल तर ते फार लवकर आवळतं. चेहऱ्याची पट्टी, म्हणजे सुईच्या डावीकडचं झाकण, काढून पाहा. दांड्यावर पिवळट-तपकिरी चकचकीत थर दिसला आणि नखाने खरवडल्यावर त्याची पापडी निघाली, तर ते तेल. लाल पूड निघाली तर गंज.

स्प्रेचा अनुभव तुम्ही नेमका सांगितलात. त्यातला पातळ भाग चिकटा सैल करतो आणि स्वतः उडून जातो. सैल झालेला चिकटा जागेवरच राहतो, नाहीतर शेजारच्या सांध्यात शिरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी हललं आणि तिसऱ्या दिवशी बसलं. असा स्प्रे सोडवण्यापुरता ठीक, वंगण म्हणून नाही. त्याच्यामागून खरं तेल जायलाच हवं.

आता नेमकं कुठे अडलंय ते शोधू. सुई काढा. दाबाचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, काढा. बॉबिन (खालच्या दोऱ्याची चकरी) आणि ती बसते ती बॉबिन केस काढा. मग चाकाच्या मधोमधची गोल चकती, जी बॉबिन भरताना सैल करतात, ती सैल करा. आता चाक एकटं फिरतं का? फिरलं तर चाक ठीक आहे आणि अडचण आतल्या दांड्यात आहे. चाकही फिरलं नाही, तर आधी चाकच दांड्याला चिकटलंय. इथलं उत्तर आल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पंचवीस_पेच

एवढं शोधत बसण्याची गरज नाही. हेड पायडलवरून उचला, मोठ्या घमेल्यात आडवं करा आणि रॉकेल ओता. दोन दिवसांत सगळं सुटतं. माझे मामा असंच करायचे आणि त्यांच्या मशिनी धावायच्या.

काळं_हेड

पंचवीस_पेच, रॉकेलने चिकटा सुटतो, त्याबद्दल वाद नाही. पण अख्खं हेड बुडवायला माझा ठाम विरोध आहे, आणि तो का ते सविस्तर लिहिते.

या जुन्या मशिनींचा काळा रंग साधा रंग नाही. ते डांबरी वार्निश भट्टीत तापवून बसवलेलं असतं. त्यावर सोनेरी नक्षी चिकटवलेली असते आणि नक्षीवर लाखेचा पारदर्शक हात असतो. ती नक्षी कागदापेक्षा पातळ असते. तिला सांभाळणारी ती एक लाख, आणि वर्षानुवर्षं हात घासून ती आधीच विरलेली असते. जिथे लाख उडाली आहे तिथे रॉकेल पोचलं की सोनं चंदेरी पडतं आणि मग निघूनच जातं.

माझ्याकडून याहून मोठी चूक झाली आहे. पहिल्या मशीनवरची धूळ मी स्पिरिटने पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे तेव्हा माहीत नव्हतं. कापसाच्या तिसऱ्या बोळ्यावर सोनं दिसलं तोवर हेडच्या पुढच्या बाजूचं अख्खं फूल गेलं होतं. ती मशीन आजही उत्तम शिवते. पण तिच्यासमोर बसले की नजर त्या रिकाम्या काळ्या जागेवर जाते आणि अजून वाईट वाटतं.

म्हणून बाहेरून पुसायला फक्त मशीनचं तेल आणि मऊ सुती चिंधी. तेल लावून ठेवायचं, अर्ध्या तासाने हलक्या हाताने पुसायचं, पुन्हा लावायचं. स्पिरिट नको, ॲसिटोन नको, अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी नको, तारेची घासणी तर नकोच. आधी पाठीमागे कोपऱ्यात करून पाहायचं.

पंचवीस_पेच

काळं_हेड, हे मला माहीत नव्हतं. मामांच्या मशिनींवर नक्षी नव्हतीच, सगळ्या नुसत्या काळ्या. आता वाटतं, कधीतरी असेल. घमेल्याचा सल्ला मागे घेतो.

पण सांध्यात ड्रॉपरने चार थेंब रॉकेल चालेल की नाही? खाली चिंधी धरून?

तेलाची_बुधली

आतल्या उघड्या पोलादी सांध्यात चालेल, मीही घालतो. दोन अटी. रंगावर ओघळ जाऊ द्यायचा नाही. आणि चिकटा निघाला की त्याच दिवशी तेल घालायचं, कारण रॉकेल सांधा कोरडा करून ठेवतं आणि कोरड्या पोलादाला गंज धरायला वेळ लागत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ जाळ नको.

आडवा_टाका

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाकडून सळई काढून घेतली.

चकती सैल केली, म्हणजे सैल करायलाच दोन संध्याकाळी गेल्या. तिच्यात एक छोटा स्क्रू असतो, तो आधी ढिला करावा लागतो हे कळायला वेळ लागला. आता चाक एकटं फिरतं. पूर्ण गोल! दांडा मात्र हलत नाही.

झाकण काढलं. तेलाची_बुधली, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच आत आहे, तपकिरी पापडी, लाल पूड जवळपास नाही. सुई नशिबाने वरच थांबली होती म्हणून काढता आली. खालून शटल काढलं तर त्याच्यामागे काळ्या दोऱ्याचं एवढं गाठोडं! चिमट्याने ओढून ओढून काढलं. दोरा आजीचाच असणार, तिच्याशिवाय त्या मशीनवर कुणी बसत नव्हतं. तो फेकला नाही, डबीत ठेवलाय.

गाठोडं निघाल्यावर चाकासकट दांडा पाव फेरा पुढे जातो, पाव फेरा मागे येतो आणि थांबतो.

चाकोरी

दोऱ्याची डबी ठेवलीत ते वाचून बरं वाटलं.

थांबतो म्हणजे कसा थांबतो? टक्क करून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा, की रबरावर दाबल्यासारखा मऊ?

आडवा_टाका

मऊ. दाबत राहिलं तर आणखी केसभर जातो आणि हात सोडला की तिथेच राहतो.

चाकोरी

मग चांगली बातमी आहे. टक्क थांबली असती तर आत मोडकी सुई, निखळलेला स्क्रू किंवा चुकीच्या जागी बसलेला भाग शोधावा लागला असता आणि तो मिळेपर्यंत फिरवणं बंद. मऊ अडणं म्हणजे चिकटा नाहीतर साचलेला भुसा. केसभर जातेय म्हणजे चिकटा हरतोय.

दात्यांवरची, म्हणजे कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवरची, पट्टी काढून खाली बघा. दोऱ्याचा भुसा आणि तेल दाबून दाबून तिथे नमद्यासारखा गोळा होतो, इतका कडक की काहीजण त्याला मशीनचाच भाग समजतात. टोकदार काडीने उकरून काढा. तेवढ्याने दात्यांची उचल मोकळी होते.

तेलाची_बुधली

आता तेल घालायच्या जागा. वरची भोकं तुम्हाला दिसलीच असतील. चेहऱ्याच्या झाकणाआड सुईदांडा वर आणि खाली जिथे शिरतो त्या दोन जागा, दाबदांड्याच्याही (ज्याला दाबाचा पाय लावतात तो) तशाच दोन, आणि दोरा खेचणाऱ्या लिव्हरचा सांधा. पाठीमागे खांबावर गोल झाकण असेल, ते बाजूला सरकवलं की आत जोडदांडा दिसेल, त्याच्या वरच्या टोकाला तेल. मग हेड मागे कलवा. पाटाखाली लांबच्या लांब दांडे आहेत, त्यांच्या दोन्ही टोकांना निमुळते स्क्रू असतात. लोक नेमके हेच विसरतात. वरून कितीही तेल घाला, खालचा एक सांधा कोरडा राहिला तर चाक फिरत नाही.

प्रत्येक जागी दोन थेंब. मग चाक आहे त्या पाव फेऱ्यात मागेपुढे दहा वेळा, सावकाश. मग झोपा. सकाळी पुन्हा दहा वेळा. तेलाला केसाएवढ्या फटीत शिरायचं असतं आणि त्याला वेळ लागतो. एकदा एका मशीनला मी अकरा दिवस दिले होते. दहाव्या दिवशीही काही दिसत नव्हतं.

सुईदांडा पकडीने धरून फिरवू नका, त्यावर ओरखडा उठला की तो आयुष्यभर आपली वाट घासत राहतो. आणि दांड्याला धरणारा चेहऱ्याआडचा स्क्रू अजिबात सोडू नका. त्यावर सुईची उंची ठरते.

टीप_मारा

तेलाबरोबर ऊबही द्या. हेअर ड्रायर चेहऱ्याच्या उघड्या बाजूने आत धरा, पाच मिनिटं. लोखंड हाताला सोसेल इतपतच गरम. लाखेसारखं झालेलं तेल ऊब लागली की पुन्हा मऊ होतं आणि त्या क्षणी घातलेला थेंब खोल जातो. मी तीन मशिनी अशाच सोडवल्या, तिन्ही वेळा तेलाने जे चार दिवसांत झालं नाही ते दोन संध्याकाळी झालं.

पंचवीस_पेच

मेणबत्तीने नको का? मामा...

टीप_मारा

नको! वर स्प्रे मारलाय, खाली रॉकेलचा विषय चाललाय, भोवती भुसा. आणि ज्योत एकाच जागी तापवते, रंगाला फोड येतात.

निवांत_वाचक

मध्येच विचारतो. आमच्याकडची मशीन एवढी जुनी नाही, १९७० नंतरची असावी. विजेवर चालते, झिगझॅग (नागमोडी टाका) आहे. सरळ टाका हवा तेव्हा झिगझॅगचं बटण फिरत नाही आणि चाकही जड आहे. तिलाही हेच उपाय का?

चाकोरी

निवांत_वाचक, तुमच्याकडे जास्त सांभाळून. त्या काळातल्या बऱ्याच मशिनींत आत नायलॉनची दातेरी चाकं असतात. जुनी नायलॉन चाकं ठिसूळ होतात, आणि त्यांच्यावरचं ग्रीस मेणासारखं कडक होतं. बटण जोराने फिरवलं तर दाता मोडतो. आधी प्लग काढा. झाकण उघडून बघा, प्लास्टिक दिसलं तर तिथे रॉकेल किंवा स्प्रे नाही. ड्रायरची ऊब, धातूच्या सांध्यांना एकेक थेंब तेल, आणि दातेरी चाकांवरचं जुनं ग्रीस काडीने काढून नवं. झिगझॅगचा दांडा बहुतेक एकाच खिळीवर अडलेला असतो.

मोटरमध्ये तेल घालू नका. आणि वायर हातात घेऊन वाकवून पाहा. जुनं रबरी वेष्टन कडक होऊन तडकलं असेल तर वायर बदलल्याशिवाय प्लग लावूच नका, मशीन कितीही सुरेख फिरत असली तरी.

निवांत_वाचक

पाहिलं. वायर तडकलेली आहे. प्लग लावणार होतो उद्या. आभार, फार मोठे आभार.

उसवण

अवांतर: आडवा_टाका, मशीनच्या पाटावर उजव्या कोपऱ्यात, खांबाच्या पायाशी, एक नंबर ठोकलेला असेल. त्याच्याआधी अक्षर आहे का?

आडवा_टाका

आहे! इंग्रजी वाय आणि पुढे सात आकडे.

उसवण

मग ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. सिंगरने १९०० पासून नंबराआधी अक्षर घालायला सुरुवात केली, त्यावरून कारखाना कळतो. वाय आणि एफ म्हणजे क्लाइडबँक, जी म्हणजे अमेरिकेतलं एलिझाबेथ. क्लाइडबँकचा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद झाला. वाय हे अक्षर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. तुमच्या आजींकडे ती आली तेव्हा नवी होती की तेव्हाच जुनी, घरात कुणाला विचारून बघा.

शटल आणि बॉबिन केसचं वर्णन वाचून ती सिंगरच्या पंधरा क्रमांकाच्या जातीची वाटते. तसं असेल तर सुट्या भागांची चिंता नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि इतरत्रही याच घडणीच्या असंख्य मशिनी निघाल्या, म्हणून तिच्या बॉबिन आणि बॉबिन केस आजही सहज मिळतात. स्क्रू मात्र हरवू नका. त्यांचे आटे साध्या दुकानी स्क्रूला जुळत नाहीत.

काळं_हेड

स्क्रूवरून आठवलं. खाचेतला मळ सुईने काढल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही आणि पातं खाचेत अंगासरशी बसेल असंच घ्यायचं. अडलेल्या स्क्रूवर थेंब टाकून, पातं ठेवून, मुठीवर हातोडीचा हलका टोला द्यायचा. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. डोकं गेलेला स्क्रू काढण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. आणि प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो.

आडवा_टाका

सहावा दिवस. रोज सकाळी दहा वेळा, रात्री दहा वेळा आणि मध्ये ड्रायर. पाव फेऱ्याचा अर्धा झाला, काल अर्ध्याचा पाऊण. आज सकाळी हेड मागे कलवून खालच्या दांड्याच्या टोकाला थेंब टाकला. आपण कालपर्यंत त्या एका टोकाला तेल घातलंच नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं, कारण ते टोक काजळीखाली लपलं होतं. ऊब दिली, चहा होईपर्यंत थांबले, चाक धरलं.

फिरलं. एक पूर्ण फेरा, मग दुसरा. सुईदांडा खाली गेला, वर आला, दाते उचलले, पुढे सरकले. मी चाक फिरवतच राहिले. भाऊ येऊन उभा राहिला, त्यालाही फिरवायला दिलं. आई नुसता आवाज ऐकून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

उसवण

वा! वाचूनच हात शिवशिवले.

पंचवीस_पेच

अभिनंदन ताई. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आता सगळं तेल पुसून नवं घाल, सुटलेला चिकटा आतच फिरतोय.

तेलाची_बुधली

मामा अगदी बरोबर सांगताहेत. सुटलेला मळ काळं तेल होऊन बाहेर येईल. दोन-तीन वेळा तेल, शंभर फेरे, पुसणं. ओघळ स्वच्छ आला की थांबा. मगच सुई लावा.

आडवा_टाका

ओघळ आता स्वच्छ आहे. नवी सुई, नवा दोरा, सुती कापडाचा दुहेरी तुकडा. चाक हाताने फिरवून दहा टाके घातले. वरून टीप सुंदर दिसते, खाली मात्र दोऱ्याच्या झिपऱ्या. मोठमोठे फासे लोंबतात. बॉबिनचा ताण वाढवू का?

टीप_मारा

बॉबिनला हात लावू नका. फासे खाली दिसले तर चूक वर असते, हे आधी मलाही उलटं वाटायचं. वरच्या दोऱ्याला ताण नाही म्हणून तो खाली ओढला जातोय. दाबाचा पाय वर करून दोरा पुन्हा ओवा, तो दोन ताण-चकत्यांच्या, म्हणजे दोरा चिमटीत धरून ताण देणाऱ्या चकत्यांच्या, मधोमध गेलाय ना ते बघा.

चाकोरी

सुईसुद्धा तपासा. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, दुसऱ्या अंगाला नाकाच्या वर छोटा खळगा. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा, खळगा शटलच्या टोकाकडे. सुई तळाशी जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर येते तेव्हा दोऱ्याचा छोटा फासा सुटतो आणि शटलचं टोक तो त्या खळग्यातून उचलतं. सुई उलटी असेल तर टाके सुटतात. तुमचे टाके सुटत नाहीत, म्हणजे सुई बहुधा बरोबर आहे. माझं मत टीप_मारा यांच्यासारखंच, ताणाकडे बघा.

आडवा_टाका

चार वेळा ओवला. दोरा चकत्यांच्या मधेच आहे. बटण पूर्ण आवळलं तरी तेच.

काळं_हेड

एक प्रयोग करा. सुईतून दोरा काढून घ्या, दाबाचा पाय खाली टाका आणि दोरा हाताने ओढा. मग पाय वर करून ओढा. फरक जाणवतो?

आडवा_टाका

नाही! दोन्ही वेळा सारखाच मोकळा.

काळं_हेड

सापडलं. चकत्यांच्या मधून एक बारीक खिळी जाते. पाय वर केला की ती खिळी चकत्या उघडते, म्हणजे कापड काढताना दोरा सहज सुटतो. पाय खाली आला की खिळी मागे जायला हवी. तुमची खिळी त्याच जुन्या तेलाने पुढेच चिकटली आहे, म्हणून चकत्या कायमच्या उघड्या आहेत. बटण, स्प्रिंग, चकत्या एकेक काढा, ओळीने कापडावर मांडा आणि फोटो घ्या. खिळीवर एक थेंब तेल, ऊब, बोटाने मागेपुढे. मग ती आणि चकत्या कोरड्या पुसा. चकत्यांवर तेल राहिलं तर दोरा डागाळेल.

तेलाची_बुधली

काळं_हेड, मी तीस वर्षं मशिनी उघडतोय आणि ही खिळी मला आठवली नव्हती. नमस्कार घ्या.

निवांत_वाचक

माझी वायर बदलून झाली. झिगझॅगचं बटणही मऊ झालं, अडचण एकाच खिळीवर होती. सगळीकडे खिळ्याच दिसू लागल्यात.

आडवा_टाका

खिळीच होती. आता पाय खाली असताना दोरा ताणून येतो, वर केला की मोकळा. टीप दोन्ही बाजूंनी सारखी पडते. कापडाचा तो तुकडा जपून ठेवलाय, एकीकडे झिपऱ्या आणि शेजारी सरळ ओळ.

आता पायडल. हाताने चाक फिरवते तेव्हा मशीन हलकी आहे, पायाने मात्र फार जड जाते, आणि मध्येच चाक उलटं फिरून दोरा तुटतो.

पंचवीस_पेच

शेवटी माझा प्रांत आला! वादी, म्हणजे खालचं मोठं चाक आणि वरचं चाक जोडणारा पट्टा, काढून ठेवा आणि नुसतं पायडल हलवून बघा. तेव्हाही जड असेल तर खालच्या मोठ्या चाकाच्या आणि पायडलच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांना तेल हवंय. मशीन सोडवताना सगळे हेडकडे बघतात आणि खालचं लोखंड कोरडंच राहतं. पायडल हलकं असेल तर वादी फार घट्ट आहे. चामड्याची नवी वादी सुरुवातीला थोडी घट्टच लावतात, कारण ती वापराने लांबते, पण चाक ओढून धरेल इतकी नको. बोटाने दाबली तर थोडी दबली पाहिजे.

उलटं फिरण्यावर उपाय म्हणजे सराव. दोरा काढून ठेवा, दाबाचा पाय वर करा. सुरुवात हाताने, चाकाचा वरचा भाग स्वतःकडे ओढून. मग पावलं त्या तालात. एक पाऊल किंचित पुढे, एक मागे ठेवलं तर टाच आणि चवडा यांचा झोका सोपा जातो. मामांनी मला आठ दिवस दोऱ्याशिवाय बसवलं होतं.

आडवा_टाका

वादी घट्ट होती. दोन बोटं लांब केली आणि पायडलला तेल दिलं. आठ दिवस दोऱ्याशिवाय नाही, पण चार दिवस बसले. आईनेच शेवटी शिकवलं. तिने आजीच्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं, स्वतः कधी बसली नव्हती, तरी तिचे पाय पहिल्याच दिवशी तालात पडले.

आज उशीचे दोन अभ्रे शिवले. एकाच्या कडेला त्या डबीतला काळा दोरा वापरायचा प्रयत्न केला, पण वीस वर्षांत तो कुजलाय, सुईत ओवतानाच तुटला. पुन्हा डबीत ठेवला.

एक शेवटचं. तेल किती दिवसांनी?

तेलाची_बुधली

रोज दिवसभर चालवलीत तर रोज. अधूनमधून चालवलीत तर आठ-दहा तासांच्या शिवणानंतर, प्रत्येक जागी एकच थेंब, आणि मग आधी चिंधीवर टीप मारून जादा तेल निघू द्यायचं. महिनाभर शिवलं नाही तरी आठवड्यातून एकदा चाक चार फेरे फिरवा. आणि ते खालचं काजळीतलं टोक विसरू नका.